कुत्र्याची भाकरी आणि कच्चं हाडूक

आपल्याकडे कुत्र्याच्या खाण्याचा प्रश्न असा कधी नव्हताच. भाकऱ्या थापताना शेवटच्या गोळ्याची एक जाडसर भाकरी कुत्र्याची, हे घराघरांत ठरलेलं असे. वैश्वदेवात गोग्रास, काकबळी यांच्या जोडीला श्वानबळीही असायचा. खंडोबाच्या देवळात कुत्र्याला मान आणि दत्ताच्या तसबिरीत तर पायाशी चार-चार कुत्री. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी पोळी त्या बिचाऱ्याच्या घशाखाली उतरणार कशी! कुत्र्याला पोळी चालते का, असं ती गोष्ट ऐकताना कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

आता मात्र विचारतात. नुसते विचारत नाहीत, भांडतात. पोळी-भाकरी हे कुत्र्याचं खाणंच नव्हे, पुडीतले कोरडे दाणे तर त्याहून वाईट. कुत्रा हा मूळचा लांडगा, तेव्हा त्याला लांडग्यासारखं कच्चं मांस आणि कच्ची हाडंच द्यायला हवीत, असं मानणारी मंडळी आता आपल्याही गावांत दिसू लागली आहेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात गेलं वर्षभर हाच वाद चालू होता. म्हणून म्हटलं, या वेळी नेहमीचे विषय बाजूला ठेवून थोडं कुत्र्याच्या ताटलीकडे बघू या.

ताईचा मुलगा बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत. घरून काम करायची सोय झाली तसा तो बायको-मुलीला घेऊन गावी परतला आणि बरोबर ब्रुनो नावाचा लॅब्रॅडोरही आला. ब्रुनो गुणी आहे, त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तक्रार त्याच्या जेवणाची. घर ताईच्या सासूबाईंचं. वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, मधुमेह जुना. आणि त्यांच्याच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबडीच्या माना, बकऱ्याची कलेजी आणि हाडांच्या पिशव्या! आजींनी पहिल्या आठवड्यात फ्रिजमधलं दूध घेणं बंद केलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपला माठ आणि दुधाचं पातेलं देवघराशेजारी हलवलं. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा असा मुका निषेध फार जड असतो.

भाच्याशी मी बोलले, तेव्हा लक्षात आलं की हे नुसतं खूळ नाही. पोराने वाचन केलेलं आहे. या आहाराचा प्रसार केला तो ऑस्ट्रेलियातल्या इयान बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याने. 1993 साली त्यांचं ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ हे पुस्तक आलं आणि ‘बार्फ’ हे नाव रूढ झालं. हाडं आणि कच्चं अन्न अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. पुढे 2001 मध्ये तिथल्याच टॉम लॉन्सडेल या दुसऱ्या पशुवैद्याने ‘रॉ मीटी बोन्स’ लिहिलं. या पंथातल्या एका प्रचलित हिशेबाप्रमाणे शंभर भागांत ऐंशी भाग मांस, दहा भाग खाता येण्याजोगं हाड, पाच भाग कलेजी आणि पाच भाग इतर अवयव. मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन टक्के. म्हणजे तीस किलोच्या ब्रुनोला रोज सहाशे ते नऊशे ग्रॅम. आपल्याकडे चौघांच्या घरात रविवारी किलोभर मटण आलं तर सण वाटतो. इथे महिन्याला वीस-बावीस किलो एकट्या ब्रुनोला! त्यात आपल्याकडचे सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि अख्खा श्रावण. “मावशी, त्याला कुठे वार असतात?” भाचा हसून म्हणाला. त्याचं खरंच आहे. वार घराला असतात.

आता भाच्याची बाजू आधी नीट मांडते, कारण तिच्यात तथ्य आहे. पुडीतलं खाणं हे काही कुत्र्याचं परंपरागत अन्न नव्हे, हे अगदी बरोबर. त्याचा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ 1860 च्या सुमारास विजेचे निवारक विकायला लंडनला आला. तिथल्या गोदीवर जहाजांवरची टणक बिस्किटं खाणारी भटकी कुत्री पाहून त्याला कुत्र्यांच्या बिस्किटांची कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्याच कंपनीतल्या चार्ल्स क्रफ्ट या विक्रेत्याने 1891 साली कुत्र्यांचं ते जगप्रसिद्ध प्रदर्शन सुरू केलं. डब्यातलं मांस आलं ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि यंत्रातून फुलवून काढलेले आजचे कोरडे दाणे 1950 च्या दशकातले. म्हणजे बाजाराने आधी वस्तू बनवली आणि मग तीच कुत्र्याची गरज आहे असं आपल्याला पटवलं. इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. शिवाय 2007 मध्ये अमेरिकेत अशा खाण्यात मेलामाइन नावाचं रसायन निघालं. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात ते मिसळलेलं होतं. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, माल बाजारातून परत घ्यावा लागला. त्यानंतर लोकांचा विश्वास उडाला, यात नवल ते काय? हाडं चघळून दातांवरचं किटण कमी होतं, हेही खरं आहे. ब्राझीलमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं दिसलं.

एवढं मान्य करूनही भाच्याच्या मुख्य मुद्द्याशी मी अडते. कुत्रा म्हणजे लांडगा, हा तो मुद्दा.

लांडगा आपल्याला परका नाही. आपल्या माळरानांवर तो आजही आहे आणि धनगराच्या कळपाभोवती फिरतो. त्याच कळपाच्या राखणीला धनगराचं कुत्रं असतं. दोघांची पणजी एक, पण एक कळपाच्या बाहेर राहिला आणि एक आत आला. आत येण्याला निदान पंधरा हजार वर्षं झाली. त्या काळात माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या चुलीपाशी बसणारं जनावर तेच खाऊ लागलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली हे कुत्र्याच्या रक्तातच दाखवून दिलं. पिष्टमय पदार्थ पचवणारा जो पाचकरस स्वादुपिंडात तयार होतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. पुढच्या अभ्यासांत आणखी गंमत दिसली. सायबेरियन हस्की किंवा ऑस्ट्रेलियाचा डिंगो, म्हणजे ज्यांच्या माणसांकडे शेतीच नव्हती ती कुत्री, त्यांच्यात या प्रती कमी. शेतकऱ्याच्या कुत्र्यात जास्त. थोडक्यात, शेवटच्या गोळ्याची ती जाडसर भाकरी कुत्र्याने केवळ नाइलाजाने खाल्लेली नाही. ती पचवण्याची तयारी त्याच्या शरीराने पिढ्यान् पिढ्या केलेली आहे.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या शेजारचं मुधोळ घ्या. घोरपड्यांच्या संस्थानाने नावारूपाला आणलेलं ते सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं शिकारी कुत्रं. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये त्याचं तिकीट काढलं, पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी नेलं. त्या भागातल्या शेतकऱ्याच्या अंगणात मी पाहिलेल्या मुधोळ कुत्र्यांच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी, मक्याच्या कण्या, दूध आणि अधूनमधून अंडं असायचं. मांस मिळालं तर सण. आता यावरून कुत्र्याला मांस नकोच, असं मी म्हणत नाही. मांसातलं प्रथिन त्याला मानवतं, आवडतं, आणि नुसत्या दूध-भाकरीवर वाढवलेलं पिल्लू किडकिडीतच राहतं. पण मांस हवं आणि कच्चंच हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानातल्या लांडग्यांपैकी फार थोडे दहा वर्षांचे होतात. आपल्याला ब्रुनो त्याहून जास्त वर्षं हवा आहे.

मग कच्च्याने बिघडतं काय? आमच्या गावातल्या पशुवैद्यांना मी हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “मॅडम, कुत्र्याचं मी नंतर सांगतो. आधी सांगा, घरात लहान कोण आहे आणि म्हातारं कोण आहे?”

मला तिथेच सगळं कळलं. ताईच्या घरात दोन्ही आहेत. भाच्याची मुलगी अडीच वर्षांची. ब्रुनोच्या तोंडात हात घालणं, त्याच्या ताटलीतलं पाणी उडवणं, त्याने गाल चाटला की खिदळणं हा तिचा दिवसभराचा उद्योग. आणि वर आजी, मधुमेहाने प्रतिकारशक्ती उणावलेल्या.

कच्च्या मांसावर, विशेषतः कोंबडीवर, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असे जिवाणू असतात. आपण तेच मांस आणतो, पण शिजवतो. उकळत्या रश्शात ते मरतात. कुत्र्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असल्यामुळे त्याला पुष्कळदा काहीच होत नाही. तो आनंदाने शेपूट हलवत असतो, आणि तेच जिवाणू त्याच्या लाळेतून, विष्ठेतून, ताटलीतून, पुसलेल्या फरशीच्या फडक्यातून घरभर फिरत असतात. “पण मी आठवडाभर गोठवून देतो,” असं भाचा म्हणे. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत, झोपतात. मांस वितळलं की उठतात. त्यातून आपल्याकडची वीज! दुपारी चार तास गेली की फ्रिजरमधून लालसर पाण्याचा ओघळ खालच्या कोथिंबिरीपर्यंत आलेला ताईने स्वतः पुसला आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2012 सालीच ठराव करून कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये असं सुचवलं, ते जनावरांइतकंच माणसांच्या काळजीपोटी. आणि प्रत्येक वेळी कुत्राही सुटतोच असं नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कच्ची कोंबडी, त्यातही कोंबडीच्या माना, खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये अचानक पाय लुळे पडण्याच्या एका मज्जातंतूंच्या विकाराचा संबंध दिसून आला. भाच्याच्या फ्रिजमध्ये नेमक्या मानाच होत्या.

दुसरा धोका जिवाणूंचा नव्हे, कृमीचा. तो समजून घ्यायला आपल्याला जरा लांब, उत्तरेच्या टोकाला, आइसलँडला जावं लागेल.

आइसलँड हा मेंढपाळांचा देश. एकोणिसाव्या शतकात तिथे घरोघरी मेंढ्या आणि घरोघरी कुत्री. हिवाळ्याआधी मेंढ्या घरीच कापायच्या आणि नको ते अवयव कुत्र्यांपुढे टाकायचे. आणि त्याच देशात माणसांच्या यकृतात पाण्याने भरलेल्या मोठमोठ्या गाठी होण्याचा रोग इतका पसरलेला की डॉक्टर हवालदिल झाले होते. 1863 साली हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश संशोधक तिथे गेला. त्याने कुत्र्यांची आतडी तपासली, मेंढ्यांची यकृतं पाहिली आणि साखळी उलगडली. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर जातात, मेंढीच्या पोटात शिरतात आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. त्या गाठी कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या की पुन्हा कृमी. या साखळीत माणूस चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना लागलेली अंडी हाताला, हातावरून तोंडात, आणि मेंढीत होतं तेच माणसात होतं. गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. गंमत म्हणजे कुत्र्याला यातलं काहीच जाणवत नाही.

क्राबेने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती आइसलँडच्या घराघरांत फुकट वाटली गेली. 1869 मध्ये कुत्र्यांबद्दलचा कायदा आला, 1890 मध्ये आणखी कडक झाला. कापलेल्या जनावराचे गाठींचे अवयव पुरायचे किंवा जाळायचे, कुत्र्यांना कृमींचं औषध द्यायचं. राजधानी रेक्याविकमध्ये तर 1924 साली कुत्री पाळण्यावरच बंदी घातली गेली, ती 1984 पर्यंत टिकली. विसाव्या शतकात हा रोग तिथून हद्दपार झाला. पुढे न्यूझीलंडनेही 1959 साली खास कायदा करून हीच वाट धरली आणि 2002 मध्ये देश या रोगापासून मुक्त झाल्याचं तात्पुरतं का होईना, जाहीर केलं. ना मोठी यंत्रं, ना महागडी औषधं. कुत्र्याच्या तोंडी कच्चे अवयव जाऊ द्यायचे नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर भर.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आइसलँडचं आइसलँडपाशी. आपल्याकडे असे ब्रुनो किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरं आहे. पण वाचकहो, कच्च्या मांसाचा आहार आपल्या गावांत बेंगळुरूहून आलेला नाही. तो आधीपासून इथे चालू आहे, फक्त त्याला नाव नाही. सीमाभागातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी रविवारी दुपारनंतर मटणाच्या दुकानांच्या मागे जाऊन पाहा. वजडी, फुप्फुसं, कोंबड्यांची आतडी, पाय, मुंड्या यांचे ढीग आणि त्यावर तुटून पडलेली पंधरा-वीस कुत्री. नाल्याच्या कडेला, जुन्या जकात नाक्याच्या मोकळ्या जागेत, गावाबाहेरच्या पुलाखाली हेच. ती कुत्री रात्री आपल्याच गल्लीत येऊन झोपतात, आपल्याच परसातल्या मेथीच्या वाफ्यात घाण करतात. मोठ्या दवाखान्यातल्या शल्यविशारदांना विचारा, यकृतातल्या-फुप्फुसातल्या या गाठी त्यांना नवीन नाहीत. हायडॅटिड हे तिचं नाव त्यांच्या तोंडी असतं. मेंढ्या, बकऱ्या, म्हशी, त्यांचे टाकलेले अवयव आणि मोकाट कुत्री, आइसलँडची सगळी पात्रं आपल्याकडे हजर आहेत.

आमच्या नेहमीच्या मटणवाल्याशी मी हे बोलले. माणूस पिढीजात धंद्यातला. तो काही क्राबेला ओळखत नाही. म्हणाला, “बाई, आमच्या दारातली कुत्री कच्चंच खात्यात की. पर आमी त्यास्नी घरात घेत न्हाई. आन् घरातलं जे कुत्रं हाय, त्येला माझी बायको शिजवूनच घालत्या. कलेजीत पाण्याचा फोड दिसला की म्या ती कुनालाच देत न्हाई, बगा.” मी विचारलं, मग त्या फोडाच्या कलेजीचं काय करता? तो जरा थांबला आणि मागच्या ढिगाकडे बघितलं. “टाकतो तितंच. दुसरी जागा कुटं हाय?”

दुसरी जागा नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हे. दुकानामागे झाकणाचा पक्का हौद किंवा पिंप असावं, ते रोजच्या रोज उचललं जावं आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं जावं, एवढी सोय करणं ही त्याच्या एकट्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. भटक्या कुत्र्यांवरून आपल्याकडे बरीच वर्षं वाद चालू आहे. खायला घालणारे एकीकडे, दगड मारणारे दुसरीकडे. दोघांच्याही नजरेतून हा ढीग सुटतो. कुत्र्यांचे कळप वाढतात ते तिथे, माणसाच्या अंगावर जायला धीट होतात ते तिथे, आणि कृमी पोटात घेऊन येतात तेही तिथूनच.

भाच्याच्या बार्फला नावं ठेवताना आपल्या ताटाकडेही एकदा बघायला हवं. रविवारी जेवण झालं की आपण काय करतो? ताटातली चावलेली हाडं आणि उरलेला रस्सा भातात कालवून कुत्र्यापुढे. मायेने देतो, पण ही रीतही धडकी भरवणारी आहे. कच्च्या हाडापेक्षा शिजलेलं हाड वाईट. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, मोडताना त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि घसा, आतडी फाडतात. कोंबडीच्या तंगडीचं पोकळ हाड तर त्यात सगळ्यात वाईट. कच्चं हाड तसं फुटत नाही, पण तेही आतड्यात अडकतं, आणि मोठ्या नळीवर दात मोडून घेणारी कुत्री पशुवैद्यांकडे येतातच. रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हीसुद्धा त्याला विषासमान. शिऱ्यातले बेदाणे काढूनच शिरा त्याला द्यायचा, आणि खरं तर तो न दिलेलाच बरा.

मग द्यायचं काय? पशुवैद्यांनी मला सांगितलं ते साधं आहे. मांस द्यायचं तर बिनहाडाचं, बिनमिठा-मसाल्याचं, पूर्ण शिजवलेलं. बरोबर भात किंवा भाकरी, थोडा उकडलेला भोपळा, गाजर. नुसतं मांसही चालत नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, हाडं ठिसूळ होतात. लांडग्याची ही उणीव हाडं भरून काढतात. आपण ती अंड्याच्या टरफलांची बारीक पूड घालून भरून काढू शकतो, मात्र प्रमाण पशुवैद्याला विचारून, विशेषतः पिल्लू असेल तर. ज्यांना हे रोज जमत नाही त्यांनी पुडीतलं चांगलं खाणं दिलं तर त्यात पाप नाही. निदान त्यात काय किती आहे हे मोजलेलं असतं. कृमींचं औषध वर्षातून एकदा आठवलं तेव्हा न देता पशुवैद्य सांगतील त्या अंतराने द्यायचं. हा छोटा पट्टकृमी पोटात गेल्यापासून सहा-सात आठवड्यांत अंडी टाकू लागतो, म्हणून बाहेर मोकाट फिरणाऱ्या, कच्चे अवयव खाण्याचा संभव असणाऱ्या कुत्र्याला त्या आत औषध हवं. प्राझिक्वांटेल हे त्यातलं नेहमीचं औषध. ते महागही नाही. आणि मुलांनी कुत्र्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवायचे. परसातली पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढायची.

ताईकडे काय झालं ते सांगायला हवं. मी भाच्याशी वाद घातला नाही. आइसलँडची हकीकत सांगितली आणि पशुवैद्यांचा प्रश्न त्याला तसाच विचारला, घरात लहान कोण आणि म्हातारं कोण. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, ब्रुनोला काय चांगलं एवढाच मी विचार केला.” मला त्याचं वाईट वाटलं. मुक्या जिवासाठी इतकं वाचणारं, इतकं खपणारं पोर क्वचित असतं. त्याच आठवड्यात त्याने जुना प्रेशर कुकर मागच्या पडवीत नेला, एक लहान शेगडी घेतली. आता ब्रुनोचं मांस तिथे शिजतं, भाताबरोबर. मान आणि कलेजीच्या पिशव्या गेल्या. श्रावणात अंडी आणि पुडीतलं खाणं, असा तह झाला. ब्रुनोने पहिले दोन दिवस ताटलीकडे पाहून भाच्याकडे पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताटली चाटून लख्ख केली. आजींनी मात्र अजून दूध फ्रिजमध्ये ठेवलेलं नाही. त्यांच्या मनातून ते जायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ त्यांना द्यायला हवा.

घरातला प्रश्न असा एका कुकरवर सुटला. बाहेरचा ढीग तसाच आहे. येत्या रविवारी मटण आणायला गेलात की दुकानाच्या मागे एक चक्कर मारा. काय दिसतं ते पाहा आणि आपापल्या प्रभागाच्या सदस्याला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. चार दुकानांना मिळून झाकणाचं एक पिंप आणि पुरायला एक खड्डा, एवढीच मागणी आहे. आमच्या गल्लीतल्या बायकांनी गेल्या आठवड्यात असा अर्ज लिहिला, त्यावर सत्तावीस सह्या झाल्या. त्यांतली एक आमच्या मटणवाल्याची आहे.